विश्लेषण : कडुनिंबाच्या पानांपासून बनवलेले चांदीचे नॅनोकण ‘ग्रीन’ म्हणून सुरक्षित ठरतात का? कांद्याचं मूळ काय सांगतं?

‘वनस्पतिजन्य नॅनो’, ‘ग्रीन नॅनो सिल्व्हर’, ‘रसायनमुक्त तंत्रज्ञान’... शेतीच्या टॉनिकपासून हात धुण्याच्या द्रावणापर्यंत अनेक ठिकाणी ही भाषा आता कानावर पडते. पानांच्या अर्कातून बनवलेले धातूचे अतिसूक्ष्म कण म्हणजे निसर्गाचीच देणगी, मग त्यात धोका कसला, असा यामागचा सूर असतो. पण हेच कण वनस्पतीच्या पेशीत शिरल्यावर तिच्या गुणसूत्रांचं काय होतं, हा प्रश्न लेबलवर नसतो. तो विचारायला फार मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. एक कांदा, पाण्याचा ग्लास आणि कॉलेजातला मायक्रोस्कोप पुरतो.

पानांपासून धातूचे कण बनतात कसे?

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. चांदीचे असे कण बनवण्याची जुनी पद्धत रासायनिक आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडसारखं तीव्र रसायन घालायचं, म्हणजे विरघळलेली चांदी पुन्हा धातूच्या रूपात येते आणि बारीक कण तयार होतात.

‘ग्रीन’ पद्धतीत त्या तीव्र रसायनाच्या जागी पानांचा काढा असतो. कडुनिंब, तुळस, कोरफड, गवती चहा यांच्या अर्कात पॉलिफिनॉल, फ्लेव्होनॉइड, प्रथिनं असे घटक असतात. ते चांदीला धातुरूपात आणतात आणि तयार झालेल्या कणांभोवती आवरण घालून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. फिकट द्रावण हळूहळू पिवळं आणि मग तपकिरी होतं. हा रंग म्हणजे कण तयार झाल्याची खूण.

या विषयात पुण्याचं नाव सुरुवातीपासून आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या ‘एनसीएल’मध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून सोनं आणि चांदीचे कण बनवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून त्यांनी सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले आणि ते काम ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये छापून आलं. अमरावती विद्यापीठातल्या महेंद्र राय आणि सहकाऱ्यांचा २००९ चा, चांदीच्या नॅनोकणांच्या जंतुनाशक गुणांचा आढावा घेणारा लेखही जगभर उद्धृत होतो. थोडक्यात, हे आपल्याकडचं, अभिमानाचं विज्ञान आहे. म्हणून तर त्याच्या नावावर काय विकलं जातंय, याकडे आपण जास्त बारकाईने पाहायला हवं.

या संशोधनातला ‘ग्रीन’ हा शब्द बनवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. कमी घातक रसायनं, कमी ऊर्जा, कमी कचरा, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी बाटलीत जे उरतं ती चांदीच असते. उसाच्या रसापासून बनलेली दारू ‘वनस्पतिजन्य’ आहे म्हणून यकृताला सूट देत नाही, तसंच हे.

जनुकीय विषारीपणा म्हणजे काय?

एखादा पदार्थ पेशीला मारतो, तेव्हा तो विषारी आहे हे लगेच कळतं. पान करपतं, मूळ काळं पडतं. जनुकीय विषारीपणा हा त्याहून लपून राहणारा प्रकार. इथे पेशी जिवंत राहते, पण तिच्या डीएनएला किंवा गुणसूत्रांना इजा होते. डीएनएचा धागा तुटतो, गुणसूत्र फुटतं, किंवा पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. वरून झाड हिरवंगार दिसू शकतं.

धातूचे कण हे कसं करतात, याची दोन-तीन कारणं बऱ्यापैकी समजली आहेत. एक, कणांच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन हळूहळू सुटत राहतात आणि प्रथिनांमधल्या गंधकयुक्त भागांना चिकटतात, त्यामुळे प्रथिनांचं काम बिघडतं. दोन, पेशीत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात आणि ते डीएनएवर हल्ला करतात. तीन, पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंची रचना विस्कळीत होते. तांबं, जस्त, चांदी यांचं वागणं वेगवेगळं आहे, पण या वाटा बऱ्याच अंशी सामाईक आहेत. अमेरिकेत २०१२ मध्ये मुळा आणि रायगवताच्या रोपांवर कॉपर ऑक्साइडच्या नॅनोकणांचा प्रयोग झाला, तेव्हा रोपांच्या डीएनएमध्ये ऑक्सिडीकरणाच्या इजा थेट मोजता आल्या.

मग कांदाच का?

कारण कांद्याच्या पेशीत फक्त १६ गुणसूत्रं असतात आणि ती चांगली मोठी असतात. साध्या मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतात. मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन सतत चालू असतं, आणि मूळ पाण्यात वाढवता येतं. ज्यांनी अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं, त्यांनी कांद्याच्या मुळाची स्लाइड केली असेल. गुलाबी-लाल रंगवलेले ते धागे आठवा. (इंजिनीअरिंगला गेलेल्या माझ्यासारख्यांचा आणि जीवशास्त्राचा संबंध त्या स्लाइडपाशीच संपतो.)

स्वीडनमधले शास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसिन या रसायनाचा परिणाम कांद्याच्या मुळांवर तपासला आणि या चाचणीचा पाया घातला. हेच लेव्हान पुढे १९५६ मध्ये, जो हिन त्जिओ यांच्यासोबत, माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे सांगणाऱ्या शोधनिबंधाचे सहलेखक झाले. तोवर जग ४८ समजत होतं! नंतर स्वीडनच्याच गेईरिड फिस्केश्यो यांनी १९८५ मध्ये कांद्याच्या चाचणीला प्रमाणित रूप दिलं. तेव्हापासून कारखान्याचं सांडपाणी, कीटकनाशकं, नदीचं पाणी असं काय काय या मुळांवर तपासलं गेलं आहे.

पद्धत सोपी आहे. कांद्याचा बुडखा पाण्याला टेकेल असा तो काचेच्या नळीच्या तोंडावर ठेवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मग काही कांदे नॅनोकणांच्या द्रावणावर ठेवायचे, काही साध्या पाण्यावरच राहू द्यायचे. ठरलेल्या वेळेनंतर मुळांची टोकं कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लात टिकवायची, सौम्य आम्लात मऊ करायची, रंगवायची, काचेवर दाबून पसरायची आणि मोजायला बसायचं. किमान हजार पेशी. त्यातल्या किती विभागत आहेत आणि किती चुकीच्या पद्धतीने विभागत आहेत, हे दोन आकडे महत्त्वाचे.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण दिलेला कांदा इथे चालत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे, तिथे कांद्यावर ही प्रक्रिया होते. खायला तो कांदा उत्तम, पण त्याच्या वाढणाऱ्या पेशी किरणांनी आधीच थांबवलेल्या असतात. म्हणजे प्रयोगासाठी कांदा बाजारातून आणताना तो कुठून आला, हे विचारून घ्यायला हवं.

चांदीच्या कणांनी मुळांचं काय केलं?

या विषयातला सर्वाधिक उद्धृत होणारा एक प्रयोग भारतातलाच आहे. वेल्लोरच्या व्हीआयटीमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये १०० नॅनोमीटरपेक्षा लहान चांदीचे कण २५, ५०, ७५ आणि १०० पीपीएम अशा चार प्रमाणांत कांद्याच्या मुळांना दिले. साध्या पाण्यातल्या मुळांमध्ये विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होतं. चांदीचं प्रमाण वाढत गेलं तसं ते घसरत गेलं आणि सर्वाधिक डोसला २८ टक्क्यांच्या जवळ आलं. साध्या पाण्यातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे दोष दिसले नाहीत. चांदी दिलेल्या पेशींमध्ये गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली, दोन टोकांमध्ये पुलासारखी ताणलेली, तुटलेली आढळली.

गुणसूत्रांचा हा ‘पूल’ समजून घेण्यासारखा आहे. पेशी विभागताना गुणसूत्रांची एक-एक प्रत दोन बाजूंना जायला हवी. पण तुटलेली किंवा चिकटलेली गुणसूत्रं सुटत नाहीत. दोन्हीकडून ओढ बसते, मधे धागा ताणला जातो आणि कुठेतरी तुटतो. तुटका तुकडा कुठल्याच केंद्रकात जात नाही, पेशीत एका छोट्या ठिपक्यासारखा पडून राहतो. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. असा ठिपका दिसला, की त्या पेशीच्या वारशातून काहीतरी हरवलं आहे, हे नक्की.

व्हीआयटीचे कण वनस्पतीपासून बनवलेले नव्हते. म्हणून ‘ग्रीन’वाले म्हणतात, आमच्या कणांना हे लागू नाही. पण २०११ मध्ये ओडिशातल्या संशोधकांनी वनस्पतीच्या मदतीने बनवलेली चांदीही कांद्याच्या मुळांवर तपासली. तिथेही डोस वाढला तसा पेशींचा मृत्यू आणि डीएनएची इजा वाढलेली दिसली. वनस्पतीच्या अर्कातून आली म्हणून चांदीने पेशीला सवलत दिली नाही.

पानांच्या अर्काचं आवरण वाचवत नाही का?

कधी वाचवतं, कधी नाही. काही प्रयोगांत वनस्पतिजन्य कण रासायनिक कणांपेक्षा सौम्य ठरले आहेत. कारण समजण्यासारखं आहे. आवरणामुळे चांदीचे आयन हळू सुटतात आणि आवरणातले काही घटक ऑक्सिडीकरण रोखतात. फारच कमी डोसला तर मुळांची वाढ सुधारल्याचीही निरीक्षणं आहेत. ‘नॅनोकण म्हणजे जहर’ असा उलटा प्रचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण आवरण म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. कोकणातल्या पावसाळी कडुनिंबाचा अर्क आणि विदर्भातल्या मे महिन्यातल्या कडुनिंबाचा अर्क सारखा नसतो. कोवळं पान, जून पान, सावलीत वाळवलेलं, उन्हात वाळवलेलं, प्रत्येकात घटकांचं प्रमाण बदलतं. अर्क बदलला की कणांचा आकार बदलतो, आवरण बदलतं आणि विषारीपणाही बदलतो. आम्हा इंजिनीअर लोकांना पहिल्या वर्षापासून शिकवतात, की कच्चा माल बदलला तर उत्पादन पुन्हा तपासा. सिमेंटची गोणी बॅचनुसार तपासायची आणि पेशीत शिरणारा धातू ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सोडून द्यायचा, हा न्याय मला पटत नाही.

शोधनिबंधांबाबतही एक तक्रार आहे. नॅनोकण एका बाजूला आणि साधं पाणी दुसऱ्या बाजूला, एवढीच तुलना केली तर अर्थ लागत नाही. नुसत्या अर्कावर कांदे ठेवले का? कडुनिंबाचा अर्क स्वतःच कीटकांना मारतो, मुळांच्या पेशींना तो निरुपद्रवी असेल असं गृहीत कसं धरायचं? नुसत्या सिल्व्हर नायट्रेटवर ठेवले का? कण बनवताना न वापरलं गेलेलं सिल्व्हर नायट्रेट द्रावणात उरलं असेल आणि दोष त्याचा असेल, तर कणांवर आळ कशाला? पाणी, अर्क, सिल्व्हर नायट्रेट आणि कण, अशा चारही रांगा नसतील तर तो प्रयोग अर्धवट. मोजणीचंही तसंच. व्हीआयटीच्या प्रयोगातलं साध्या पाण्यातल्या मुळांचं ६० टक्के हे प्रमाण इतर अनेक प्रयोगशाळांच्या आकड्यांपेक्षा खूप जास्त आहे. मुळाचा कुठला भाग आणि कोणत्या पेशी मोजल्या, यावर हा आकडा बदलतो. म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. प्रत्येकाची तुलना स्वतःच्या साध्या पाण्याशी.

कांद्याच्या मुळात दोष दिसला म्हणजे पिकात, माणसात दिसेल?

नाही, थेट तसं म्हणता येत नाही. आणि ‘नॅनो चांदीने कॅन्सर’ अशा मथळ्याचा मोह आमच्या धंद्यात किती असतो, हे मला ठाऊक आहे.

नळीतलं मूळ थेट द्रावणात बुडालेलं असतं. शेतात मधे माती असते. सेंद्रिय पदार्थ, चिकणमाती, गंधक चांदीला पकडून ठेवतात. गंधकाशी संयोग होऊन बनणारी सिल्व्हर सल्फाइड फारच कमी विरघळते, त्यामुळे विषारीपणा बराच खाली येतो. डोसचा हिशेबही करून पाहा. १०० पीपीएम म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपात दीड ग्रॅम चांदी. एवढी चांदी कोणी फवारत असेल का, ते लेबलवर प्रमाण लिहिलेलं असेल तरच सांगता येईल. आणि खरी अडचण तीच आहे.

फवारणीचा मार्ग मात्र मातीतून जात नाही. कण थेट पानावर आणि शेंड्यावर पडतात. प्राण्यांमध्ये पुढच्या पिढीच्या पेशी फार लवकर वेगळ्या होतात. वनस्पतीत तसं नसतं. शेंड्यातल्या वाढत्या पेशींपासूनच पुढे फूल आणि बी तयार होतं. त्यामुळे शेंड्याच्या पेशीत झालेला बदल बियाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट वनस्पतीत उघडी असते. मुळाच्या टोकाशी झालेली इजा बियाण्यात जात नाही. कांद्याची चाचणी धोक्याची पहिली घंटा आहे, शेवटचा निकाल नव्हे. पण घंटा वाजलीच, तर पुढची तपासणी न करता बाटली दुकानात पाठवायची नाही, एवढं तरी ठरायला हवं.

शेतकरी तांबं शंभर वर्षांपासून फवारतायत, मग आताच ओरड का?

हा प्रश्न द्राक्ष बागायतदार विचारतात आणि तो रास्त आहे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून जगाला माहीत आहे. नाशिक, सांगलीच्या बागा त्याच्या जोरावर उभ्या राहिल्या. पण बोर्डोची गोष्ट पूर्ण सांगायची तर शेवटही सांगावा लागतो. तांबं मातीत साठत जातं, हे कळल्यावर युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली. सेंद्रिय शेतीत चालणारं तांबं! मर्यादा घालता आली, कारण किती तांबं जातंय हे मोजता येत होतं. पिशवीवर टक्केवारी लिहिलेली होती.

नियम काय म्हणतात?

अगदीच काही नाही असं नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो-आधारित कृषी निविष्ठा आणि अन्नपदार्थांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. खत नियंत्रण आदेशाखाली २०२१ मध्ये नॅनो युरियाला, नंतर नॅनो डीएपीला आणि २०२४ मध्ये नॅनो झिंक आणि नॅनो कॉपरला वाट मिळाली. ही उत्पादनं अधिसूचित आहेत, त्यांची रचना नोंदवलेली आहे. त्यांच्या उपयुक्ततेवर वाद आहेत, पण तो वेगळा लेख.

माझा आक्षेप या रांगेबाहेरच्या मालावर आहे. ‘टॉनिक’, ‘अर्क’, ‘बूस्टर’ अशा नावांनी, धातूचं नाव आणि प्रमाण न लिहिता, ‘ग्रीन नॅनो’ एवढ्या शब्दावर जे विकायला येतं त्यावर. राज्यातल्या कृषी विद्यापीठांनी आणि विज्ञान महाविद्यालयांनी इथे पुढाकार घ्यावा असं मला वाटतं. वनस्पतिजन्य धातूकणांचं कुठलंही उत्पादन शेतातल्या चाचणीला जाण्याआधी, चार रांगांची कांद्याची चाचणी बॅचनिहाय सक्तीची असावी आणि तिचा निकाल कंपनीने जाहीर करावा. एमएस्सीचे विद्यार्थी आठवड्याभरात हे करू शकतात. मायक्रोस्कोप, काचपट्ट्या आणि रंग कॉलेजात आधीच असतात. दरवर्षी पानांच्या अर्कातून नॅनोकण बनवण्याचे किती तरी प्रकल्प सादर होतात. त्यातल्या अर्ध्यांनी नवीन पान शोधण्याऐवजी आधीच्या कणांची गुणसूत्रं तपासली, तरी बरंच काही कळेल.

कंपन्या म्हणतील, यामुळे छोटे उद्योग मरतील. एका बॅचला काही डझन कांदे लागतात. भाव कितीही चढला तरी नव्या कारखान्याचं दिवाळं त्याने निघणार नाही.

तोवर घेणाऱ्याने काय पाहावं?

लेबलवर धातू कोणता आणि लिटरला किती मिलिग्रॅम, हे लिहिलंय का ते पाहा. फक्त ‘नॅनो’ लिहिलं असेल तर माहिती दिलेलीच नाही असं समजा. ‘बुरशी मारतो’, ‘करपा घालवतो’ असा दावा असेल तर तो माल कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कक्षेत येतो आणि लेबलवर नोंदणी क्रमांक असायला हवा. खत म्हणून विकत असतील तर खत नियंत्रण आदेशाखालची नोंद विचारा. नवीन उत्पादन पूर्ण प्लॉटवर एकदम मारू नका, दोन-चार ओळी सोडून तुलना ठेवा. बियाण्यासाठी राखलेल्या प्लॉटवर तर अजिबात प्रयोग नको. दुकानदार ओळखीचा असला तरी बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. पुढे कृषी अधिकाऱ्याकडे किंवा ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.